दाबघटीचे वर्गीकरण आणि कुरखेड्याची वीज

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात, सती नदीच्या काठी वसलेल्या कुरखेडा परिसरात विजेच्या तारांना जंगलातून वाट काढावी लागते. पावसाळी वाऱ्यात एखादी फांदी ११ केव्ही वाहिनीच्या तारेला टेकली, की उपकेंद्रातील ब्रेकर पडतो आणि ती वाहिनी बंद होते. मात्र ब्रेकर पडण्याआधीच्या अत्यल्प काळात त्याच उपकेंद्रातून निघणाऱ्या शेजारच्या वाहिन्यांवरचे दिवेही मंद होतात. वीज न जाता दाब असा क्षणभर खाली येणे म्हणजे दाबघट, अर्थात व्होल्टेज सॅग. आयईईई या संस्थेच्या १९९५ च्या मानकाने तिची व्याख्या बांधली, ती अशी की दाब नेहमीच्या १० ते ९० टक्क्यांपर्यंत उतरलेला असावा आणि ही स्थिती अर्ध्या आवर्तनापासून, म्हणजे भारतातील ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात १० मिलिसेकंदांपासून, एक मिनिटापर्यंत टिकावी.

घट किती खोल आणि किती वेळ, एवढ्याने तीन फेजांचे वर्णन पुरे होत नाही, कारण तिन्ही फेज क्वचितच सारखे उतरतात. असंतुलित फेजांची फोड तीन संतुलित संचांत करण्याची रीत चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ मध्येच मांडली होती. तिच्या आधारे दाबघटीचे प्रकार पाडण्याचे काम मात्र शतकाच्या अखेरीस मॅथ बोलेन यांच्या हातून झाले आणि २००० साली त्यांच्या ग्रंथातून ते सर्वत्र पोहोचले. ‘ए’ प्रकारात तिन्ही फेज सारखे उतरतात, ‘बी’ मध्ये एकच. ‘सी’ मध्ये दोन फेज उतरून त्यांच्यातील कोनही बदलतो आणि तिसरा शाबूत राहतो, तर ‘डी’ मध्ये एक फेज बराच आणि उरलेले दोन थोडे उतरतात. दोन फेज एकदम जमिनीशी जोडले गेल्यास उद्भवणाऱ्या घटींसाठी पुढे ‘ई’, ‘एफ’, ‘जी’ हे प्रकार आले.

या वर्गीकरणाचे खरे मोल ट्रान्सफॉर्मरपाशी कळते. गावच्या डीपीची वरच्या दाबाची गुंडाळी डेल्टा आणि खालची स्टार जोडणीची असते, त्यामुळे ११ केव्हीवरील ‘बी’ घट ४०० व्होल्टच्या बाजूला ‘सी’ होऊन उतरते. वर एक फेज उपकेंद्रापाशीच शून्यावर आला, तर खाली दोन फेजांचा दाब सुमारे ५८ टक्के राहतो आणि तिसरा पूर्ण राहतो. म्हणून धानाच्या पट्ट्यातील राईस मिलमध्ये दोन फेजांवरचे दिवे मंदावतात, तिसऱ्यावरचे तसेच जळतात आणि मोटारीचा कॉन्टॅक्टर, त्याची कॉइल उतरलेल्या फेजांवर असल्यास, सुटू शकतो. गिरणीवाल्याला हा दोष आपल्याच वायरिंगचा वाटला, तर त्याला बोल लावता येणार नाही.

वीजपुरवठ्याची विश्वसनीयता मोजताना दीर्घकाळ केवळ पुरवठा किती वेळा आणि किती वेळ बंद पडला, एवढेच धरले गेले. या हिशेबात दाबघटीला जागाच नव्हती, आणि जंगलभागातील ग्राहकांवर हा अन्यायच होता. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांच्या शीर्षकातच वीजगुणवत्तेचा समावेश झाला. दाबघटीची प्रकारवार नोंद शहरांइतकीच कुरखेड्यासारख्या टोकाच्या उपकेंद्रांवरही व्हायला हवी.