बालंगिगाच्या घंटा

फिलिपिन्समधील समार बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर बालंगिगा नावाचे एक लहानसे गाव आहे. रक्तसाक्षी संत लॉरेन्स यांचे चर्च, शेजारचे घंटाघर आणि 1901 च्या उठावाचे स्मारक, एवढेच तेथे पाहण्यासारखे. परंतु इतिहास जाणणारा यात्रेकरू आधी घंटांची चौकशी करतो.

ऑगस्ट 1901 मध्ये अमेरिकन सैन्याची एक तुकडी या गावात उतरली. सैनिकांनी गावातील पुरुषांना सक्तीने कामास जुंपले, रात्री तंबूंत कोंडले, त्यांचे कोयते जप्त केले आणि धान्याचे साठे नष्ट केले. 28 सप्टेंबरच्या सकाळी सैनिक न्याहारी करीत असता गावकरी त्यांच्यावर तुटून पडले. चर्चची घंटा वाजली, ती हल्ल्याची खूण होती. 74 पैकी 48 सैनिक मारले गेले. त्याचा सूड म्हणून जनरल जेकब स्मिथ यांनी समार ओसाड करण्याचा आणि दहा वर्षांवरील, शस्त्र धरू शकणाऱ्या प्रत्येकास ठार मारण्याचा हुकूम दिला. 1902 मध्ये त्यांच्यावर लष्करी खटला चालला. शिक्षा काय, तर कानउघाडणी आणि निवृत्ती!

चर्चच्या तीन घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या. दोन वायोमिंग राज्यातील लष्करी तळावर गेल्या, तिसरी अखेरीस दक्षिण कोरियातील अमेरिकन छावणीत होती. त्यांवर फ्रान्सिस्कन संघाचे चिन्ह आहे. आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी याच संघाचा झगा मनिला येथे परिधान केला आणि 1593 मध्ये ते तेथूनच जपानला गेले.

घंटा नेल्या जाण्याचे दुःख वसईला नवे नाही. 1739 च्या मराठी विजयानंतर वसई प्रांतातील चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर आणि भीमाशंकर येथे त्या आजही दिसतात. तेथे निदान त्यांच्या नादाने भाविकांचे हात जुळतात. बालंगिगाच्या घंटा मात्र शतकाहून अधिक काळ मुक्याच राहिल्या.

फिलिपिन्सचे धर्मगुरू, शासन आणि काही अमेरिकन माजी सैनिक यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर 11 डिसेंबर 2018 रोजी घंटा मनिलाला आणि 15 तारखेस गावी पोहोचल्या. त्यांतील एक राष्ट्रीय संग्रहालयात ठेवावी, अशी सूचना सिनेटमध्ये पुढे आली होती. बोरोंगान धर्मप्रांताने तिला ठाम विरोध केला, आणि माझ्या मते तो रास्तच होता. घंटा उपासनेसाठी घडवलेली असते, काचेच्या कपाटासाठी नव्हे.

दुसऱ्याच दिवशी, 16 डिसेंबरला, नाताळपूर्व नऊ पहाटमिस्सांचा आरंभ होता. बालंगिगाचे लोक अंधारातच चर्चकडे निघाले.