रेंज होती, कॉल लागला नाही

ऑस्ट्रेलियात रुग्णवाहिका, पोलीस आणि अग्निशमन दल या तिन्हींसाठी एकच नंबर आहे : 000. गुरुवार, 18 सप्टेंबर 2025 रोजी ऑप्टस कंपनीच्या नेटवर्कवरून या नंबरला केलेले 455 कॉल लागले नाहीत. दोन मृत्यू या बिघाडाशी जोडले गेले. बहुतेक फोनांवर रेंज दिसत होती.

हुबळी-धारवाडच्या अनेक घरांतली मुलं आज सिडनी, मेलबर्न, पर्थला आहेत. आईवडील सहा महिन्यांसाठी जातात, तेव्हा खिशात इथलाच दोन सिमचा फोन असतो. म्हणून त्या गुरुवारच्या मुख्य वेळा दोन्ही घड्याळांवर दिल्या आहेत.

8 नोव्हेंबर 2023, सिडनीत पहाटे 4.05.
पहिली सूचना. ऑप्टसचं देशभरातलं नेटवर्क कोसळलं. एक कोटीच्या आसपास ग्राहकांचे फोन बंद पडले. 2,145 जणांना 000 लागला नाही. खरं तर आपलं नेटवर्क गेलं, तर फोनने आपत्कालीन कॉल दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून लावायचा असतो. पण आतली यंत्रणा मेलेली असतानाही काही टॉवर लहरी सोडतच राहिले. फोन त्यांनाच चिकटून बसले. अशा वेळी टॉवरने आपोआप गप्प व्हावं, ही शिफारस सरकारी चौकशीने केली.

28 ऑक्टोबर 2024.
टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या कंपन्यांनी 3जी बंद केलं. व्होडाफोनने ते आधीच बंद केलं होतं. 2जी तर 2018पासून नाही. इंटरनेट 4जीवर चालवणारे, पण आपत्कालीन कॉलसाठी 3जीवर उतरणारे फोन लोकांच्या हातात होते. त्यांच्यासाठीच टेल्स्ट्राने बंदची तारीख आधी दोनदा पुढे ढकलली होती. आपला फोन चालेल का, हे विचारायला ‘3’ असा मेसेज 3498वर पाठवायची सोय केली होती.

हुबळीत ही अडचण सहसा समोर येत नाही. फोनचं व्होल्टे, म्हणजे 4जीवरून बोलण्याची सोय, बंद असेल, तर 2जी चालवणाऱ्या कंपनीच्या सिमवर कॉल लावताना तो गुपचूप 2जीवर उतरतो आणि बोलणं होतं. इथे चालतो म्हणून तिथेही चालेल, असं आपण धरून चालतो.

18 सप्टेंबर 2025, सिडनीत रात्री 12.30. हुबळीत बुधवार रात्रीचे 8.
ऑप्टसच्या नेटवर्कवर फायरवॉल अपग्रेडचं काम सुरू झालं. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही. साधे कॉल चालू राहिले. आपत्कालीन कॉलची वाट मात्र दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया, नॉर्दर्न टेरिटरी आणि न्यू साउथ वेल्सच्या काही भागांत अडली. धोक्याची घंटा वाजली नाही. टॉवर जिवंत असल्यामुळे बहुतेक फोनांनी दुसरं नेटवर्क शोधलंच नाही.

पहाटेपर्यंत. हुबळीत मध्यरात्र.
धारवाडचं सप्तापूर, हुबळीचं विद्यानगर झोपेत. तिकडे लोक 000 लावत होते.

सकाळी 9च्या थोडं आधी. हुबळीत पहाटेचे साडेचार.
दोन ग्राहकांनी कंपनीच्या कॉल सेंटरला कळवलं, की 000 लागत नाही. तक्रार वरपर्यंत गेली नाही. काम सुरू होऊन साडेआठ तास झाले होते.

दुपारी 1.30. हुबळीत सकाळचे 9.
आणखी एका ग्राहकाने थेट कंपनीशी संपर्क साधला. या वेळी दखल घेतली गेली. अपग्रेड थांबवलं, उलटं फिरवलं. कॉल पुन्हा लागू लागले.

दुपारी 3च्या आत.
सरकारी खात्याला ऑप्टसचे दोन ईमेल गेले. पत्ता चुकीचा होता. मजकुरात अडलेल्या कॉलची संख्या 10 होती.

शुक्रवार, 19 सप्टेंबर, संध्याकाळ.
ऑप्टसचे प्रमुख स्टीफन रू पत्रकारांसमोर आले. अडलेले कॉल सुमारे 600 असल्याचं आणि मृत्यू झाल्याचं देशाला तेव्हा कळलं. 455 हा आकडा नंतरच्या स्वतंत्र चौकशीचा.

ऑक्टोबर 2025.
दुसरा दोष फोनातच सापडला. सॅमसंगच्या काही जुन्या मॉडेलांत आपत्कालीन कॉलसाठी व्होडाफोनचं 3जी शोधायचं, असं आतच पक्कं लिहिलेलं होतं. फक्त व्होडाफोनची रेंज उरलेल्या जागी असा फोन शिल्लक 4जी सोडून बंद झालेल्या 3जीला हाका मारत राही. अशी 71 मॉडेलं निघाली. 60 मॉडेलांना सॉफ्टवेअर अपडेट पुरेसं होतं. 11 मॉडेलांचे फोन बदलण्याखेरीज इलाज नव्हता. ग्राहकांना संदेश गेले.

13 नोव्हेंबर 2025, सिडनी.
व्होडाफोनच्या जाळ्यावर चालणाऱ्या एका सेवेच्या ग्राहकाचा मृत्यू झाला. जुन्या सॅमसंग फोनवरून 000 लागला नव्हता. फोनमधलं सॉफ्टवेअर जुनं होतं.

कोणतीही तारीख. हुबळी, विमानाला 24 तास.
बॅगेत चटण्या, औषधं, स्वेटर. एका स्लॉटमध्ये इथलं सिम, कारण बँकेचा ओटीपी त्यावर येतो. दुसरा स्लॉट तिथल्या सिमसाठी मोकळा.

एक कॉल लावा आणि बोलता बोलता पडद्यावरची खूण पाहा. 4जी किंवा व्होल्टे टिकतं, की 2जी येतं? सॉफ्टवेअर अपडेट बाकी असेल तर ते आजच करा. मॉडेलच्या माहितीत बँड 28 आहे का पाहा. हा 700 मेगाहर्ट्‌झचा पट्टा शहराबाहेर लांबवर पोहोचतो. तो फोनला ऐकू येत नसेल, तर शहराबाहेर दोन स्लॉट असूनही अडचण येऊ शकते. तिथे उतरल्यावर नवं सिम घ्याल, त्या कंपनीकडून एकच प्रश्न विचारून घ्या : या मॉडेलवरून 000 लागतो का? नंबर फिरवून मात्र तपासू नका.

रेंजच्या दांड्यांवर विसंबू नका. त्या गुरुवारीही दिसत होत्या.