भुईत पुरलेली पेटी

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं की आपण मुखवटे कापडात गुंडाळून पेटीत ठेवतो. आज नेकनूरहून आम्ही सांगतोय ती पेटी मात्र मातीची, आणि सुमारे ३३०० वर्षांपूर्वीची.

ती सापडली इनामगावला, घोड नदीच्या काठी. तालुका शिरूर. आपलं शिरूर कासार नव्हे, पुणे जिल्ह्यातलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. जमिनीखाली कुडाची घरं, चुली, जळालेले जवाचे दाणे निघाले. एका घराच्या भुईत ही झाकणाची पेटी पुरलेली होती. सोबत मातीच्या दोन बाया आणि एक बैल. एका बाईला डोकं आहे, दुसरीला नाही. शिर नसलेल्या बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीलाही भोक. काडी घालून तिला बैलावर बसवत असावेत.

हे सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. आपण पोळ्याचे बैल करतो तसं. म्हणजे कायम देवघरात ठेवायला नव्हे, एखाद्या विधीपुरतं केलेलं असावं, असं अभ्यासक म्हणतात. कुठला विधी? त्याच गावात घरांच्या भुईखाली लहान लेकरं पुरलेली सापडली, दोन मडक्यांची तोंडं जुळवून त्यात ठेवलेली. एक-दोन नव्हे, कितीतरी. म्हणून काही जाणकारांना वाटतं की या मूर्ती बाळंतपण आणि लेकरू सुखरूप राहावं यासाठी असाव्यात. आम्हालाही ते पटतं. जिथं घरोघरी लेकरं जात होती, तिथं बाई दुसरं काय मागणार?

तिकडे युरोपात, ऑस्ट्रियातल्या विलेनडॉर्फला १९०८ मध्ये दगडाची वीतभरही नसलेली बाई सापडली, ती तर २५ हजार वर्षांहून जुनी. भरलेलं पोट, मोठी छाती, चेहरा नाही. अशा मूर्ती पाहून काहीजण म्हणतात, तेव्हा बायांचं राज्य होतं. ऐकायला गोड आहे, पण बाईची मूर्ती आहे म्हणून कारभार बाईकडे होता असं होत नाही. आपणही देवीला साडीचोळी करतो, आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं असतं?

इनामगावातच पाहा. पाच खोल्यांचं एक मोठं घर, शेजारी धान्याचं कोठार. तिथल्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात एक पुरुष पुरलेला. बाकी मोठ्या माणसांना घोट्याखाली पाय तोडून पुरत, याचे पाय शाबूत. गावात मान कुणाला होता, ते दिसतं.

मूर्ती कुणी घडवल्या ते मातीवर लिहिलेलं नाही. पण सटवाईच्या पूजेला पाटा-वरवंटा कोण मांडतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तुमच्या घरी पाचवीला काय काय ठेवतात, ते सासूबाईंना, आजीला विचारून ठेवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.