आरशामागून कोण बघतंय? फॅमिली थेरपिस्ट असे शिकतात

खोलीत आई, वडील, पंधरा वर्षांची मुलगी आणि एक शिकाऊ थेरपिस्ट. भिंतीवर मोठा आरसा. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून सुपरवायझर सगळं बघतोय, ऐकतोय. मध्येच फोन वाजतो: "प्रश्न मुलीला विचारतोयस आणि उत्तरं आई देतेय. मुलीला बोलू दे."

याला 'लाइव्ह सुपरव्हिजन' म्हणतात. समुपदेशन शिकताना एरवी सेशन झाल्यावर वरिष्ठांना वृत्तांत सांगतात. पण जे आपल्या नजरेतूनच सुटलं, ते सांगणार कसं? त्यात समोर अख्खं कुटुंब असेल तर कोण कोणाला तोडतंय, कोण गप्प झालंय, हे एकाच वेळी टिपावं लागतं. नवखा माणूस नकळत कुणाची तरी बाजू घेऊन बसतो आणि त्याला ते कळतही नाही.

ही पद्धत रुजवण्यात अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया चाइल्ड गायडन्स क्लिनिकचा मोठा वाटा. साल्वादोर मिनुचिन 1965 मध्ये तिथले संचालक झाले, 1967 मध्ये जे हेली आले. त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांनाही थेरपी शिकवली. आधी पुस्तकं नाहीत, थेट कुटुंबासमोर बसवायचं; मागे सुपरवायझर असायचाच. गरज पडली तर तो स्वतः खोलीत यायचा.

यावर टीकाही झाली. फोनवरून हलणारा थेरपिस्ट म्हणजे कळसूत्री बाहुलीच की! शिवाय आपल्याबद्दल पलीकडे काय बोललं जातंय, हे कुटुंबाला कळायचं नाही. 1985 मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथे टॉम अँडरसन यांनी हा खेळच उलटवला. आरशामागच्या टीमची चर्चा ऐकायला आवडेल का, असं त्यांनी कुटुंबालाच विचारलं. मग दिवे आणि आवाज उलटे फिरवले. घरच्यांसमोर बोलायचं म्हटल्यावर टीमची भाषाही जपून, आदराने येऊ लागली. 'रिफ्लेक्टिंग टीम' ती हीच.

आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये कुटुंबांसाठी स्वतंत्र फॅमिली सायकिअ‍ॅट्री सेंटर आहे. प्रशिक्षणार्थी तिथे वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. आरशाऐवजी आता अनेक ठिकाणी कॅमेरा असतो.

तुमच्या सेशनला शिकाऊ थेरपिस्ट असेल तर सुपरवायझर कोण, रेकॉर्डिंग होणार का, ते कोण बघणार आणि कधी पुसणार, हे आधीच विचारा. रेकॉर्डिंगला नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.