‘वाढत नाही’पासून ‘का वाढत नाही?’पर्यंत

मज्जापेशी मेली की पुन्हा तयार होत नाही, हे वाक्य आपण सगळ्यांनी जीवशास्त्राच्या तासाला वहीत उतरवून घेतलं होतं. ते चूक नव्हतं. पण मज्जारज्जूला मार बसतो तेव्हा बऱ्याचदा पेशी वर मेंदूत जिवंतच असते. तुटतो तो तिचा लांबलचक तंतू. तो तंतू पुन्हा वाढेल का, या प्रश्नाचा इतिहास मला या स्मरणिकेत सांगायचा आहे.

सुमारे ३६०० वर्षांपूर्वीची एक इजिप्शियन पोथी एडविन स्मिथ याने १८६२ मध्ये लक्झॉरला विकत घेतली. मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचं त्यात अचूक वर्णन आहे आणि पुढे शेरा आहे: हा उपचार न करण्याजोगा आजार.

विसाव्या शतकात हाच निकाल स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आधारे दिला. १९०६ च्या नोबेलचे ते एक मानकरी. तुटलेल्या तंतूला कोंब फुटतात, पण थोड्याच दिवसांत ते खुंटतात, हे त्यांनी पाहिलं. प्रौढ मेंदूत आणि मज्जारज्जूत सगळं मरू शकतं, नवं काही उगवत नाही, असं त्यांनी लिहिलं. मात्र हा कठोर निकाल बदलता आला तर ते उद्याच्या विज्ञानाचं काम, असंही त्यांनी लगेच पुढे लिहिलं होतं. लोकांनी पहिला भाग लक्षात ठेवला, दुसरा विसरले.

दरम्यान रुग्णांचं काय? बरेचसे जण पाठीच्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी ते थांबवून दाखवलं. मज्जारज्जू जुळवता आला नाही, तरी माणूस उभा करता येतो, हा त्यांचा धडा. १९४८ मध्ये तिथे १६ खेळाडूंची स्पर्धा झाली. तिचीच पुढे पॅरालिम्पिक झाली आणि १९७२ मध्ये आपल्या सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी, पाठीच्या कण्यात युद्धातली गोळी घेऊन, पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं.

तंतूंचं कोडं सुटायला लागलं १९८१ मध्ये, कॅनडातल्या माँट्रियलला. हातापायांतल्या नसा तुटल्या तर हळूहळू वाढतात, हे माहीत होतंच. अल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा काढून त्याचा मेंदूच्या तळापासून मज्जारज्जूपर्यंत पूल बांधला. ‘न वाढणारे’ तंतू त्या पुलावरून जवळजवळ तीन सेंटिमीटर वाढले. पलीकडे मज्जारज्जूत शिरताच पुन्हा थबकले.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम बंद पडला की आम्ही तोच प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर चालवून बघतो. तिथे चालला तर दोष कोडमध्ये नसून भोवतालच्या यंत्रणेत आहे. अग्वायोंनी नेमकं हेच केलं. पेशीला वाढता येत होतं. तिचा परिसर तिला वाढू देत नव्हता.

मग तो अडथळा कोणता, याचा शोध सुरू झाला. झुरिकचे मार्टिन श्वाब यांना तंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टणात वाढ रोखणारी प्रथिनं सापडली. १९९० मध्ये त्यांनी प्रतिपिंड देऊन ती निष्प्रभ केली आणि उंदरांच्या मज्जारज्जूत काही तंतू वाढले. २००० मध्ये त्यातल्या एका प्रथिनाचं जनुक सापडलं. त्याचं नाव ‘नोगो’, म्हणजे ‘पुढे जाऊ नको’.

लंडनचे जेफ्री रेझमन यांनी वेगळी वाट धरली. वासाच्या पेशी जन्मभर नव्याने तयार होतात आणि त्यांचे तंतू थेट मेंदूत शिरतात. त्यांना वाट करून देणाऱ्या सोबतिणी पेशी मज्जारज्जूत घातल्या तर? उंदरांवर त्याचा उपयोग झाला. २०१२ मध्ये पोलंडच्या व्रोत्सवाफ शहरात डॉ. पावेल ताबाकोव्ह यांनी, पाठीत सुरा लागून पाय गेलेल्या एका माणसावर ही शस्त्रक्रिया केली. त्याच्याच पेशी आणि त्याच्याच पायातल्या नसेच्या पट्ट्या वापरल्या. पुढे तो वॉकर धरून काही पावलं चालू लागला. पण हा एकच रुग्ण होता आणि त्याने रोज तासन्तास व्यायामही केला होता. एवढ्यावरून उपचार सिद्ध होत नाही.

हे सगळं लिहायला एक कारण घडलं. आपल्या बॅचच्या ग्रुपवर मध्यंतरी एक जाहिरात फिरली: स्टेम सेलने मज्जारज्जूची दुखापत हमखास बरी. आपल्यातल्या एकाच्या घरी असा रुग्ण आहे, आणि तो पैशांची जुळवाजुळव करायला लागला होता. त्याला जे सांगितलं, तेच इथे सगळ्यांसाठी लिहिते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या आजारावर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. अशा चाचणीची सरकारी नोंद असते आणि त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. कोणी हमी देऊन बिल करत असेल, तर तिथून उठून यावं. तो पैसा चांगल्या फिजिओथेरपीला, योग्य गादीला आणि व्हीलचेअरला लावावा.

‘कधीच नाही’ हे आता कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. ‘आजच होतं’ असंही कोणी प्रामाणिक शास्त्रज्ञ म्हणत नाही. या दोन्हींच्या मधे काम चालू आहे. तोवर गुटमन यांचा धडा प्रत्येक घरात उपयोगी पडणारा आहे.