धान-प्रजनन व कृषिशिक्षण, चंद्रपूर–गडचिरोली भागातील

धानाच्या नव्या वाणांचा शोध व त्याद्वारे कृषिविद्यार्थ्यांना मिळणारे आनुवंशिकीचे प्रत्यक्ष शिक्षण. चंद्रपूर व त्यापासून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली हे वनप्रधान जिल्हे असून धान हे तेथील मुख्य अन्नपीक होय. पावसाचे व मालगुजारी तलावांचे पाणी बांध्यांत साठवून रोवणी करतात. अकोल्याचे पंजाबराव कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९, आता डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) सिंदेवाही येथील केंद्रात धानावर संशोधन करते.

धान स्वपरागित असल्याने एका रोपाची संतती बहुधा त्याच्यासारखीच निपजते. डॅनिश शास्त्रज्ञ योहानसेन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावरील प्रयोगांवरून मांडलेली शुद्ध वंशक्रमाची कल्पना हा निवड पद्धतीचा आधार आहे. संकरासाठी फूल उमलण्यापूर्वी त्यातील सहाही पुं-केसर काढून इच्छित वाणाचे पराग घालतात. दुसऱ्या पिढीत गुणांचे विभाजन होते. पुढे अनेक पिढ्या निवडक लोंब्यांचे दाणे स्वतंत्र ओळींत लावून वाण स्थिर करतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यास दोन वर्षांत यांपैकी मोजक्याच पिढ्या पाहता येतात. म्हणून केंद्रातील अखंड चालणारी लागवड व नोंदी यांना शिक्षणात मोठे महत्त्व आहे.

निवडीचे या प्रदेशातील ठळक उदाहरण मात्र विद्यापीठाबाहेरचे आहे. नांदेड (ता. नागभीड, जि. चंद्रपूर) येथील अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल-३’ या वाणाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या आढळल्या. त्यांचे बी राखून व वाढवून त्यांनी बारीक दाण्याचे वाण सिद्ध केले. तत्कालीन लोकप्रिय घड्याळावरून त्यास ‘एचएमटी’ नाव पडले. १९९४ मध्ये सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बी नेले व १९९८ मध्ये विद्यापीठाने शुद्धीकरण करून ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केले. मूळ निवडीचे श्रेय कोणाचे, यावरून पुढे वाद झाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये खोब्रागडे यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

निवड व शुद्धीकरण ही दोन भिन्न कार्ये असून दोन्ही आवश्यक आहेत. शेतकऱ्यास स्वतःच्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने दिला आहे. त्यामुळे बियाणे गोळा करताना गावाचे व शेतकऱ्याचे नाव नोंदविणे हा प्रजननशास्त्राच्या शिक्षणाचाच भाग ठरतो.