गिटार अ‍ॅम्प्लिफायर : क्लीन आणि हाय-गेन टोन

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून निघणारा क्षीण विद्युत संदेश वाढवून स्पीकरपर्यंत पोचवणाऱ्या यंत्राचे, म्हणजे अ‍ॅम्पचे, क्लीन आणि हाय-गेन हे दोन मुख्य ध्वनिगुण होत. संदेशाचा तरंग आकार न बदलता मोठा झाला की क्लीन टोन मिळतो. तोच संदेश अनेक टप्प्यांत इतका वाढवला की तरंगाची शिखरे छाटली जातात आणि हाय-गेन टोन तयार होतो. या दोहोंमधल्या अवस्थेला ओव्हरड्राइव्ह किंवा क्रंच म्हणतात. बहुतेक अ‍ॅम्प दोन्ही टोन देतात. परंतु रचनेचा कल सहसा एकाकडे असतो, म्हणून खरेदीपूर्वी दोन्ही पारखणे आवश्यक ठरते.

कार्यतत्त्व. संदेश छाटला जाण्यापूर्वी अ‍ॅम्पपाशी जी शिल्लक क्षमता असते तिला हेडरूम म्हणतात. ती संपली की मूळ स्वराच्या पटीतील नवे स्वरांश निर्माण होतात. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये छाटणी हळूहळू सुरू होते, साध्या ट्रान्झिस्टर मंडलात ती एकदम होते. व्हॉल्व्हचा ध्वनी श्रेष्ठ मानावा का, याबाबत वादकांत एकमत नाही. संगणकीय पद्धतीने जुन्या अ‍ॅम्पचा ध्वनी घडवणाऱ्या मॉडेलिंग अ‍ॅम्पमुळे हा भेद बराच कमी झाला आहे.

वॅट दुप्पट केल्याने ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटण्यास सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे जास्त वॅटचा खरा लाभ मोठ्या आवाजापेक्षा हेडरूममध्ये, पर्यायाने क्लीन टोनमध्ये मिळतो. हाय-गेन टोन प्रीअ‍ॅम्पमध्येच (संदेश आधी वाढवणाऱ्या भागात) घडत असल्याने मास्टर व्हॉल्यूम कमी ठेवूनही तो मिळतो.

स्वरमेळावरील परिणाम. निवडीच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. हाय-गेनमध्ये एकत्र वाजलेल्या स्वरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे स्वर उमटतात. षड्ज-पंचमाचे प्रमाण २:३ असते. १०० आणि १५० हर्ट्‌झ एकत्र वाजले की ५० हर्ट्‌झचा, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच उमटतो. म्हणून या दोन स्वरांची, रॉक आणि मेटलमधील पॉवर कॉर्ड भरदार लागते. गिटारच्या पडद्यांवरील गांधार मात्र ४:५ या नैसर्गिक प्रमाणापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. क्लीन टोनमध्ये हा फरक खपून जातो; हाय-गेनमध्ये तो कर्कश होतो आणि पूर्ण मेजर कॉर्ड गढूळ ऐकू येते.

हाय-गेनमध्ये स्वर लांब टिकतो आणि तार ओढून काढलेली मींड ठसठशीत येते. मात्र हलका व जोरकस आघात यांतील अंतर घटते. क्लीन टोनमध्ये बोटांचा प्रत्येक फरक आणि प्रत्येक चूकही स्पष्ट ऐकू येते.

गुणगुण. गेन वाढवला की संदेशाबरोबर ५० हर्ट्‌झच्या वीजपुरवठ्याची गुणगुणही वाढते. सिंगल-कॉइल पिकअपमध्ये ती अधिक, दोन वेटोळ्यांच्या हंबकर पिकअपमध्ये कमी असते. नॉइज गेट ती दोन स्वरांमधल्या शांततेत दाबतो. स्वर चालू असताना ती उरतेच.

प्रमुख नमुने. क्लीन टोनसाठी फेंडर ट्विन रिव्हर्ब (१९६३, व्हॉल्व्ह) आणि रोलँड जेसी-१२० (१९७५, ट्रान्झिस्टर, १२० वॅट) हे आदर्श मानले जातात. मार्शल जेसीएम ८०० (१९८१) क्रंचसाठी, तर पीव्ही ५१५० (१९९२) हाय-गेनसाठी ओळखला जातो. गेनचे टप्पे एकापुढे एक जोडण्याची पद्धत मेसा-बूगीच्या रँडल स्मिथ यांनी १९७०च्या दशकात रूढ केली.

वऱ्हाडातील वापर. अमरावती-अकोल्यात इलेक्ट्रिक गिटार प्रामुख्याने ऑर्केस्ट्रा, महाविद्यालयीन स्नेहसंमेलने आणि गणेशोत्सव-नवरात्रातील कार्यक्रमांत ऐकू येते. अशा ठिकाणी गिटारची वायर अनेकदा थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जाते. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्‌झच्या वरचा ध्वनी फारसा देत नाही. सभेच्या ध्वनिव्यवस्थेचे हॉर्न आणि ट्वीटर तो पूर्ण ताकदीने देतात. परिणामी डिस्टॉर्शन पेडल (संदेश छाटणारे पायाखालचे उपकरण) थेट मिक्सरला जोडल्यास आवाज भुंग्यासारखा भणभणतो. अ‍ॅम्पपुढे माइक लावणे किंवा कॅबिनेट सिम्युलेटर (गिटार-स्पीकरची नक्कल करणारे मंडल) असलेला आउटपुट वापरणे हे त्यावरचे उपाय होत. क्लीन टोनला ही अडचण कमी जाणवते.

ऑर्केस्ट्राच्या गीतसंचातही सुट्या स्वरांना मोल आहे. ‘दम मारो दम’ या गीतातील (१९७१) भूपिंदर सिंग यांचे आणि ‘कर्ज’ चित्रपटातील (१९८०) गोरख शर्मा यांचे गिटारवादन प्रत्येक स्वर स्पष्ट ऐकू आला तरच श्रोत्यांपर्यंत पोचते. ‘रॉकस्टार’मधील (२०११) ‘साड्डा हक’साठी मात्र भरपूर गेन लागतो. एकाच कार्यक्रमात दोन्ही प्रकार येत असल्याने पायाने बदलता येणारे दोन चॅनेल उपयोगी पडतात.

मंडपातील जोडणीत अर्थिंग सदोष असल्यास हाय-गेनची गुणगुण असह्य होते. त्याहून गंभीर म्हणजे, तारांवर हात आणि माइकला ओठ लागताच वादकाला विजेचा धक्का बसू शकतो. अर्थिंगची तपासणी कार्यक्रमापूर्वी झालीच पाहिजे. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, म्हणून अ‍ॅम्पच्या हवा खेळण्याच्या जाळ्या मोकळ्या ठेवणे आणि तो बंद गाडीत न सोडणे हितकारक असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. त्यामुळे घरच्या सरावास लहान अ‍ॅम्प किंवा हेडफोनची सोय पुरते.

महाराष्ट्रातील मेटल. डेमॉनिक रेझरेक्शन आणि भयानक मौत हे मुंबईचे बँड हाय-गेन वादनासाठी परिचित आहेत.

पारख. तुलना स्वतःच्याच गिटारवर करावी. दोन्ही टोनचा आवाज समान पातळीवर आणावा, कारण मोठा आवाज कानाला सहसा सरस वाटतो. क्लीन चॅनेलवर मोकळ्या तारांची पूर्ण कॉर्ड जोरात वाजवून आवाज कोठे फाटू लागतो ते पाहावे. हाय-गेन चॅनेलवर खर्जाच्या तारेवर झपझप आघात करून प्रत्येक आघात सुटा येतो का ते ऐकावे. मग गिटारवरचा व्हॉल्यूम निम्मा करून आवाज कितपत निवळतो ते तपासावे. दुकानातील लहान खोलीत खर्ज फुगून येतो, याचे भान ठेवावे.

निवड. चांगल्या क्लीन अ‍ॅम्पपुढे पेडल लावून गेन वाढवता येतो. अपुरी हेडरूम मात्र कोणत्याही पेडलने भरून निघत नाही. म्हणून विविध गीते वाजवणाऱ्याने आधी क्लीन टोन पारखावा. केवळ मेटल वाजवणाऱ्यास हाय-गेनसाठीच घडवलेला अ‍ॅम्प अधिक सोयीचा ठरतो.